‘सुपरहिट भीमगीते’ विकत घ्यावीत का? जलशापासून पेनड्राइव्हपर्यंतचा हिशेब

एप्रिल महिना जवळ आला की तासगावच्या बाजारपेठेत निळे झेंडे, फोटो आणि बिल्ल्यांच्या शेजारी गाण्यांचे संग्रहही मांडले जातात. पूर्वी कॅसेट होती, मग सीडी आली, मग एमपीथ्री आणि आता पेनड्राइव्ह. वेष्टनावर ‘सदाबहार’, ‘सुपरहिट’, ‘नॉनस्टॉप’ असे काहीतरी छापलेले असते. आत तीच गाणी असतात, जी आपल्या आईवडिलांनी तीस वर्षांपूर्वी ऐकली. तरुण कार्यकर्ते विचारतात, फोनवर सगळे फुकट मिळत असताना हे विकत का घ्यायचे? वडीलधारी माणसे म्हणतात, बाबासाहेबांचे गाणे आहे, घरात असावे. आम्हाला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. प्रश्न पन्नास-शंभर रुपयांचा असता तर आम्ही लेख लिहिला नसता. आपल्या चळवळीचा आवाज कोणी निवडला, कोणी कापला, कोणाच्या नावावर विकला आणि पैसा कोणाच्या खिशात गेला, हा खरा प्रश्न आहे. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

गाणे सुटे नव्हते

आजच्या सांगली जिल्ह्याचा बराचसा भाग १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होता, आणि तासगाव त्यातला तालुका. हा सगळा पट्टा सत्यशोधक चळवळीचा. महात्मा फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि पुढच्या काळात सातारा-कोल्हापूरच्या गावागावांत सत्यशोधक जलसे फिरले. तमाशाचा बाज लोकांना ओळखीचा होता. त्यातच भटशाही, सावकारी, अंधश्रद्धा आणि शिक्षण हे विषय आले. पुढे आंबेडकरी जलशांनी हाच साचा घेऊन त्यात नवा प्राण भरला.

१९२७ चा महाडचा सत्याग्रह आणि १९३० चा काळाराम मंदिर सत्याग्रह यांच्या काळात हे जलसे उभे राहिले. नाशिककडचे भीमराव कर्डक हे त्यातले आघाडीचे नाव. या जलशांत गणपतीच्या गणाऐवजी भीमाला वंदन आले. गवळणीच्या जागी समाजाला आरसा दाखवणारे संवाद आले. दारू, कर्ज, मेलेल्या जनावराचे मांस, वतनाची गुलामी, पोरांची शाळा हे विषय रात्रभर चालत. गाणे यायचे ते संवादाच्या मध्ये. आधी प्रश्न उभा राहायचा, मग गाणे त्याचे उत्तर द्यायचे, आणि उत्तरावर पुन्हा नवा प्रश्न.

मित्रांनो, ही गोष्ट पक्की लक्षात ठेवा. आंबेडकरी गाणे जन्माला आले तेव्हा ते सुटे नव्हते. ते एका युक्तिवादाचा भाग होते. संग्रह करणारा पहिली कात्री इथेच चालवतो. युक्तिवाद सोडतो, गाणे उचलतो. एखाद्या भाषणातले एकच वाक्य भिंतीवर रंगवावे तसे हे आहे. वाक्य खोटे नसते, पण ते कशाबद्दल बोलले गेले हे भिंत सांगत नाही.

तीन मिनिटांची कात्री आणि कवीची नाममुद्रा

दुसरी कात्री यंत्राची. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन-साडेतीन मिनिटे मावत. कॅसेट आली तेव्हा एका बाजूला तीस मिनिटे मिळू लागली, पण त्यात पाच-सहा गाणी बसवायची तर प्रत्येकाला पुन्हा पाचच मिनिटे. कव्वालीच्या मुकाबल्यात अर्धा-अर्धा तास रंगणारी रचना त्यात कशी बसणार? मग अंतरे गळतात.

गळतात ते कोणते? बहुतेक वेळा शेवटचे. आणि शेवटच्या अंतऱ्यातच आपला कवी बसलेला असतो. मराठी लोकपरंपरेत कवी आपले नाव शेवटच्या ओळींत गुंफतो. तुकोबांच्या अभंगात तुका येतो, शाहिराच्या कवनात शाहीर येतो. वामनदादा कर्डकांच्या असंख्य गीतांत ‘वामन’ येतो. या नाममुद्रेकडे नुसती शोभा म्हणून पाहू नका. ज्या समाजाकडे छापखाना नव्हता, करारपत्र नव्हते, वकील नव्हता, त्या समाजाने कवीचा हक्क गाण्याच्या पोटातच शिवून ठेवला होता. गाणे जिथे जाईल तिथे नाव जाईल, अशी ती तजवीज होती. शेवटचा अंतरा कापला की ही तजवीज मोडते. डीजेच्या रिमिक्समध्ये तर धृपद आणि एक अंतरा एवढेच शिल्लक राहते. मिरवणुकीत हजार पोरे नाचतात, आणि गाणे कोणाचे म्हणून विचारले तर डीजेचे नाव सांगतात.

वामनदादा १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मले आणि १५ मे २००४ रोजी गेले. मधल्या काळात त्यांनी हजारो गीते लिहिली. गावोगाव फिरले, वस्तीत राहिले, तिथेच गाणी दिली. ज्याने आपल्याला भाषा दिली त्याचे नाव वेष्टनावर बारीक अक्षरांतही नसेल, तर त्या संग्रहाला ‘खजिना’ म्हणायचे की लूट?

कॅसेटने दिले काय, घेतले काय

कॅसेटला नुसते दोष देऊन चालणार नाही. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली नसती तर भीमगीत वस्तीबाहेर पडलेच नसते. त्याआधी ध्वनिमुद्रणाच्या धंद्यावर एचएमव्हीचा जवळपास एकछत्री अंमल होता आणि मध्यमवर्गीय मराठी घरातल्या भावगीत-नाट्यगीतांच्या कपाटात आपल्या गाण्याला जागा नव्हती. कॅसेटने ते कपाट मोडले. लहान कंपन्या उभ्या राहिल्या. रिक्षात, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, श्रावण यशवंते यांचे आवाज घुमू लागले. पुढे आनंद आणि मिलिंद शिंदे आले. द्राक्षबागेत मजुरी करणाऱ्या आमच्या मायबापांकडे पुस्तके नव्हती, पण टेपरेकॉर्डर होता. अनेकांना चवदार तळे आणि पुणे करार पहिल्यांदा कळला तो गाण्यातून. हे ऋण आम्ही मान्य करतो.

पण त्याच दशकात कॅसेटच्या बाजाराने एक युक्तीही शोधली. कॉपीराइट कायद्यातल्या एका तरतुदीचा आधार घेऊन जुने लोकप्रिय गाणे नव्या गायकाकडून गाऊन घ्यायचे आणि स्वस्तात विकायचे. याला ‘व्हर्जन रेकॉर्डिंग’ म्हणत. टी-सिरीजने हिंदी चित्रपटगीतांत हा धंदा फार मोठा केला. त्याबरोबर जुन्या गाण्यावर नवा ठेका चढवलेले ‘झंकार बीट्स’ही आले. तेव्हापासून ग्राहकाला एक सवय लागली, गाणे ओळखायचे आणि आवाज विचारायचा नाही. वेष्टनावर एखाद्या थोर गायकाचा फोटो, आत दुसऱ्याच कोणाचा आवाज, असा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आला असेल.

निवडीचे राजकारण

तिसरी कात्री सगळ्यांत धारदार, ती निवडीची. तासगाव परिसरात मिळणारे जे संग्रह आम्ही चाळले, त्यांत जन्म, पाळणा, जयंती, रमाई आणि दीक्षाभूमी यांची गाणी भरभरून आहेत. ती असावीतच. पण नामांतराच्या लढ्यातली गाणी कुठे आहेत? २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला. त्यानंतर वस्त्या जळल्या, पोचीराम कांबळे शहीद झाले, आणि नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ पर्यंत थांबावे लागले. या सोळा वर्षांत शाहिरांनी जे गायले ते ‘सुपरहिट’मध्ये का बसत नाही? ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबारात १० जण मारले गेले. त्यानंतर काही दिवसांतच कवी-गायक विलास घोगरे यांनी जीवन संपवले. आनंद पटवर्धनांच्या ‘जय भीम कॉम्रेड’मुळे त्यांचा आवाज आज आपल्यापर्यंत पोचतो. पण ‘सदाबहार’ संग्रहांत असा आवाज शोधून पाहा. आपल्याच पुढाऱ्यांना फुटीबद्दल झोडपणारी गाणी, पोटजातींवर बोट ठेवणारी गाणी, जमिनीचा हक्क मागणारी गाणी शोधा. हाती फारसे लागत नाही.

यात कोणाचे कारस्थान असेलच असे नाही. बाजाराचे गणित साधे असते. जे गाणे बारशाला, लग्नाला आणि मिरवणुकीला चालते ते वर्षानुवर्षे खपते. जे गाणे एका प्रसंगावर लिहिलेले असते ते प्रसंग संपला की ‘जुने’ होते. परिणाम मात्र राजकीय होतो. वंदनेची गाणी टिकतात, भांडणाची गळतात. तीस वर्षांनी जन्मलेल्या पोराला वाटते, आपली परंपरा म्हणजे केवळ जयजयकार. प्रश्न विचारायला लावणाऱ्या बाबासाहेबांचे असे हळूहळू दैवत होते.

उलट बाजूनेही हेच घडते. प्रल्हाद शिंद्यांनी विठ्ठलाची गाणी गायली तशी बाबासाहेबांचीही गायली. पण पुन्हा बांधलेल्या संग्रहांत एक ढीग भक्तिगीतांचा आणि दुसरा भीमगीतांचा. सर्वसाधारण मराठी श्रोत्यापुढे पहिला ढीग जातो, आपल्या वस्तीत दुसरा येतो. एका कलावंताच्या जगण्यातला ताण, पोटासाठी काय गावे लागले आणि मनातून काय गायले, हे दोन्ही ढिगांतून निसटते. आणि एकाच गळ्याची गाणी ऐकणारे दोन समाज शेजारी शेजारी राहूनही एकमेकांना ओळखत नाहीत.

मेम्फिसचा धडा

बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले होते. १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. म्हणून त्यांच्या गाण्याचे काय झाले हे पाहणेही आपले काम आहे.

अमेरिकेत १९६० च्या दशकात ‘सोल’ संगीत बहरले. चर्चमधल्या गायकीतून आलेला आवाज नागरी हक्कांच्या लढ्याशी जोडला गेला. मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीने ओटिस रेडिंगसारखे गायक दिले. पण १९६८ मध्ये अटलांटिक कंपनीशी असलेला व्यवहार संपला तेव्हा स्टॅक्सला कळले की करारातल्या कलमामुळे तोवर अटलांटिकने वितरित केलेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रणांची मालकी अटलांटिककडेच आहे. पुढे त्या गाण्यांचे संग्रह निघतच राहिले, पण मालकी गेली ती गेली. ऱ्हिदम अँड ब्लूजची गायिका रूथ ब्राउन हिने आपल्या जुन्या गाण्यांच्या मानधनासाठी वर्षानुवर्षे झगडा दिला, तेव्हा कुठे १९८८ मध्ये जुन्या कलावंतांसाठी ऱ्हिदम अँड ब्लूज फाउंडेशन उभे राहिले.

सॅम कुक याचे बदलाची आशा सांगणारे प्रसिद्ध गाणे १९६४ चे. त्यात एका अंतऱ्यात सिनेमागृह आणि बाजारपेठेतून हुसकावले जाण्याचा उल्लेख आहे. वर्षअखेरीस ते सुटी तबकडी म्हणून आले तेव्हा रेडिओसाठी नेमका तोच अंतरा वगळला गेला. म्हणजे आशा ठेवली आणि अपमान कापला. कात्री तिथेही तीच जागा शोधते! आणि म्हणूनच तिथले जाणकार श्रोते संग्रह घेताना विचारतात, यात मूळ ध्वनिमुद्रण आहे की उतारवयात पुन्हा गाऊन घेतलेले? गाणे पूर्ण आहे की छाटलेले? हे प्रश्न आपण का विचारू नयेत?

कायदा आपल्या बाजूला आहे

आपला समाज संविधान मानणारा आहे. मग कायद्याची भाषा गाण्यालाही लावू या. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यानुसार गीताच्या शब्दांवरचा हक्क कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. म्हणजे वामनदादांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत जिवंत आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे चालतो. म्हणजे १९६० ची तबकडी २०२० नंतर मुक्त झाली, पण १९८५ ची कॅसेट २०४५ अखेरपर्यंत नाही.

कलम ५२-अ सांगते की प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या वेष्टनावर निर्मात्याचे नाव-पत्ता, हक्कधारकाचे नाव-पत्ता आणि पहिल्या प्रकाशनाचे वर्ष छापले पाहिजे. रस्त्यावरचा पेनड्राइव्ह उचलून पाहा, यातले किती आहे? कलम ५७ लेखकाला आपले कर्तृत्व सांगण्याचा हक्क देते, आणि तो हक्क गाणे विकले तरी संपत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक दार उघडले. गीतकार-संगीतकाराला गाण्याच्या पुढच्या वापरातून मिळणाऱ्या मानधनातला समान वाटा कंपनीच्या नावे सोडून देता येत नाही. तो वाटा वारसांकडे किंवा कॉपीराइट संस्थेकडेच जाऊ शकतो. त्याच दुरुस्तीने व्हर्जन रेकॉर्डिंगलाही लगाम घातला. मूळ गाण्याला पाच वर्षे झाल्याशिवाय ते करता येत नाही, आणि मूळ कलावंताबद्दल गैरसमज होईल असे वेष्टन वापरता येत नाही.

पण हक्क कागदावर असून भागत नाही. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीसारख्या संस्थेत ज्याची नोंद त्याला वाटा. ज्याचे नाव वेष्टनावरून, मग इंटरनेटवरून पुसले गेले त्याच्या वारसांनी दावा कशाच्या आधारावर करायचा? नाव पुसणे म्हणजे नुसता अनादर नव्हे. कवीच्या नातवंडांच्या ताटातला घास त्यामुळे जातो.

मग घ्यायचे की नाही?

आमचे काही मित्र म्हणतील, एवढा काथ्याकूट कशाला? गाणे पोचल्याशी मतलब. फुकट वाटले तरी बाबासाहेबांचा विचारच पोचतो ना? या म्हणण्यात तथ्य आहे. ज्या घरात एकही जुनी कॅसेट उरली नाही, त्या घरातल्या पोराला असा संग्रह हे पहिले दार ठरते, आणि ते दार आम्ही बंद करणार नाही. शिवाय अनेक जुन्या कॅसेटच्या फिती बुरशीने, उष्णतेने संपत आल्या आहेत. कोणा कंपनीने मूळ ध्वनिफीत जपून, स्वच्छ करून पुन्हा काढली तर ती समाजाची सेवाच आहे.

पण दाराला घर समजू नका. जो विचार ‘शिका’ म्हणतो, तो विचार गाणाऱ्याचे नाव विसरायला सांगत नाही. श्रमाचे मोल बुडवून बाबासाहेबांचा विचार पोचतो, हे आम्हाला मान्य नाही. वेठबिगारी आपल्या पूर्वजांनी भोगली, ती आपल्या शाहिरांच्या वाट्याला आपल्याच हातून येऊ नये.

म्हणून आमचे उत्तर स्पष्ट आहे. संग्रह उचला, उलटा करा, मागची बाजू वाचा. कवीचे, गायकाचे, संगीतकाराचे नाव आहे का? वर्ष आहे का? मूळ आवाज आहे का? शेवटचा अंतरा आहे का? ही चार उत्तरे ‘हो’ असतील तर गाणी शंभरदा ऐकलेली असली तरी घ्या. नावे नसतील, आवाज उसना असेल, तर एक रुपयाही देऊ नका. तोच पैसा जयंतीला गावात येणाऱ्या जिवंत शाहिराला द्या. दीक्षाभूमीवर, चैत्यभूमीवर जो गायक स्वतः आपली सीडी घेऊन बसतो, त्याच्याकडून घ्या. जयंती मंडळांनी डीजेवर उधळलेल्या पैशातला एक हिस्सा पूर्ण लांबीच्या जलशासाठी ठेवावा.

आणि विकत घेण्यापलीकडचे एक काम आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी महाराष्ट्रातल्या बायांच्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. आज ‘परी’ संकेतस्थळावर त्या वाचताना गाणाऱ्या बाईचे नाव आणि तिचे गाव सोबत मिळते. दळण दळणाऱ्या बाईचे नाव जपता येते, तर आपल्या शाहिरांचे का जपता येऊ नये?

तासगाव शहरात, सावळज, मणेराजुरी, विसापूर, कवठे एकंद अशा गावांत प्रत्येक विहारात एक वही ठेवता येईल. घरोघरच्या कॅसेटची वेष्टने त्यात नोंदवायची. गाण्याची ओळख, कवी, गायक, कंपनी, वर्ष. ज्या म्हाताऱ्यांना पूर्ण अंतरे पाठ आहेत त्यांना बसवून, त्यांची परवानगी घेऊन, नावागावासह ध्वनिमुद्रण करायचे. फीत तुटण्याआधी तिची अभ्यासासाठी चांगल्या प्रतीची नक्कल करून ठेवायची. याला ना कंपनी लागते, ना मोठा निधी. दोन पदवीधर पोरे, एक चांगला मोबाइल आणि रविवारची दुपार एवढे पुरे आहे.

बाजार आपल्याला आपलीच गाणी विकणार, ते त्याचे कामच आहे. कोणती गाणी आपली आणि ती कोणी दिली, हे ठरवण्याचे काम मात्र बाजारावर सोडता येणार नाही. येत्या जयंतीला पहिले गाणे वाजेल तेव्हा माइकवरून त्याच्या कवीचे नाव घ्या. सुरुवात तिथून करू या.

जय भीम! जय संविधान!